जुन्या कांचांवरील छायाचित्रांत रंग कसे उमटतात

हस्तलिखिताच्या जुन्या छायाचित्रावरून पाठ ठरवितांना एक गोष्ट बहुधा विसरली जाते. मूळ पानावर जें पिवळें असतें तें चित्रांत काळें दिसूं शकतें. हा दोष कांचेवरील रसायनाचा होय.

इ. स. १८५१ मध्यें फ्रेडरिक स्कॉट आर्चर यानें कलोडियनच्या ओल्या कांचेची कृति प्रसिद्ध केली. तिच्यावरील रुप्याच्या क्षारांवर निळ्या, जांभळ्या व डोळ्यांस न दिसणाऱ्या अतिनील किरणांचाच परिणाम होई. हिरव्याचा अल्प, तांबड्याचा जवळजवळ मुळींच नाहीं.

रॉजर फेंटन यानें १८६० सालीं काढलेलीं फळाफुलांचीं चित्रें या दृष्टीनें पाहण्यासारखीं आहेत. त्यांत पानांचा हिरवेपणा काळोखांत बुडतो, फळांची लाली मळकट होते; द्राक्षाच्या दाण्यावरील चकाकी मात्र लखलखीत उतरते. कारण उघड आहे. गुळगुळीत सालीवरून उसळणारा उजेड सालीचा रंग घेत नाहीं. तो आकाशाचाच उजेड असतो, आणि तो या कांचेस फार मानवतो. फेंटनचें शिक्षण चित्रकलेचें. साल, रुपें, वस्त्र यांच्या पृष्ठभागावर त्यानें जी भिस्त ठेवली ती, आमच्या मतें, याच जाणिवेनें.

१८७३ सालीं बर्लिन येथें हेर्मान फोगेल यास असें आढळलें कीं, विशिष्ट रंगद्रव्य मिसळल्यास कांच हिरव्या प्रकाशासही दाद देते. पुढें ऑर्थोक्रोमॅटिक कांचा निघाल्या. त्यांनीं पिवळें सुधारलें, तांबडें तसेंच राहिलें. तांबडेंही टिपणाऱ्या पॅनक्रोमॅटिक कांचा रॅटन आणि वेनराइट या कंपनीनें १९०६ सालीं विक्रीस आणल्या.

आतां आपल्या पोथ्यांकडे वळूं. चुकलेल्या अक्षरावर हरताळ लावण्याची चाल सर्वांस ठाऊक आहे. ‘हरताळ फांसणें’ हा वाक्प्रचार तिच्यावरूनच पडला. हरताळ पिवळी, म्हणून साध्या कांचेवर ती गडद उतरते. लेखकानें बुद्ध्या रद्द केलेलें अक्षर मग शाईचा डाग पडल्यासारखें भासतें, आणि प्रत पाहिल्यावांचून काम करणारा संपादक तेथें ‘अक्षरें लुप्त’ अशी टीप देऊन मोकळा होतो. हिंगुळानें लिहिलेले दंड व पुष्पिका काळ्या शाईशीं एकरूप होतात. मागाहून कोणीं निळ्या शाईनें केलेल्या खुणा उलट इतक्या फिकट येतात कीं त्या नजरेंतून सुटाव्या. ऑर्थोक्रोमॅटिक कांचेवर हरताळेचा घोटाळा कमी होतो, हिंगुळाचा होत नाहीं. चित्रासोबत कांचेची जात नोंदलेली नसेल, तर अशा प्रत्येक डागाची शहानिशा मूळ पानावरच करावी.