मधुमेहासोबत जगताना (भाग ६) : गोळीचा निर्णय ग्रुपवर होत नाही

मागच्या भागात पथ्याबद्दल लिहिले, आता औषधांकडे वळू. दुबई-शारजात राहणाऱ्या मराठी रुग्णांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर उपवासाचे दिवस आले की एक प्रश्न हमखास येतो, ‘गोळी घेऊ की सोडू?’ विचारणारे रत्नागिरीचे, रोजे धरणारे चाचा असतात किंवा नवरात्राचे नऊ दिवस करणाऱ्या डोंबिवलीच्या ताई. उत्तरही लगेच येते, ‘मी नेहमीसारखीच घेतली, काही झालं नाही.’

ते खोटे नसते, पण ते सांगणाऱ्यापुरतेच असते. तो फक्त मेटफॉर्मिन घेत असेल, तर त्या एकट्या गोळीने साखर सहसा धोक्याइतकी उतरत नाही. ग्लिमेपिराइडचे तसे नाही. ती स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, मग पोटात अन्न असो वा नसो. मूत्रपिंड अशक्त असेल, तर तिचा परिणाम लांबतो आणि साखर अवेळी उतरू शकते. उलट टाइप १ च्या रुग्णाने इन्सुलिन मनाने बंद केले, तर रक्तात आम्ल साचून जिवावर बेतते. उपवासाचे म्हणून साबुदाण्याची खिचडी भरपूर खाल्ली, तर साखर चढते ती वेगळीच. यातले ग्रुपवर काहीच दिसत नाही. दिसते ते फक्त ‘शुगर १८०’.

रमजानसाठीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना म्हणतात की, सहा ते आठ आठवडे आधी डॉक्टरांना भेटा आणि साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली, तर रोजा सोडा. नवरात्र करणाऱ्यांनीही हे आकडे लक्षात ठेवायला काहीच हरकत नाही.

लोक ग्रुपवर का विचारतात, हेही समजून घ्यायला हवे. क्लिनिकमध्ये जायचे म्हणजे अर्ध्या दिवसाची रजा आणि विमा असला तरी पदरचे काही दिरहम. शारजा, अजमानकडच्या खासगी नोकरदारांना तर विमा सक्तीचा झाला तोच १ जानेवारी २०२५ पासून. त्यामुळे ग्रुपवर विचारणाऱ्याला रागावणे मला मान्य नाही.

‘पण आमच्या ग्रुपमध्ये पुण्याचे डॉक्टर आहेत ना!’ असतील. भारताने मार्च २०२० मध्ये दूरवैद्यकीय सल्ल्याचे नियम केले, त्यात व्हॉट्सॲपही चालते. मात्र देशाबाहेरचा सल्ला त्या नियमांतून स्पष्टपणे वगळलेला आहे. इकडे अमिरातीत रुग्ण तपासायला इथल्या आरोग्य यंत्रणेचा परवाना लागतो. म्हणून ते डॉक्टर रिपोर्ट समजावून सांगतील तेवढे घ्यावे. डोस इथल्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावा.

सगळ्यात जपायचे ते उरलेल्या गोळ्यांच्या देवाणघेवाणीला. मधुमेहात पायांची आग होते, त्यावर भारतात प्रेगाबालिन सर्रास लिहून देतात. अमिरातीत ते नियंत्रित औषध आहे. ट्रामाडॉल आणि कोडीनही तसेच. स्वतःपुरते आणायचे तरी प्रिस्क्रिप्शन आणि सरकारी पूर्वपरवानगी लागते. मग ‘माझ्याकडे गावाहून आणलेल्या दोन स्ट्रिप्स आहेत, घेऊन जा’ हा शेजारधर्म दोघांनाही पोलीस ठाण्यात नेऊ शकतो.

मग ग्रुपने करायचे काय? पुष्कळ. हिंदी-मराठी बोलणारा डॉक्टर कुठे बसतो, विम्याची मंजुरी कशी मिळवायची, ऑगस्टमध्ये गाडीत राहिलेले इन्सुलिन का वापरू नये, डॉक्टरांना कोणते प्रश्न विचारायचे, हे रुग्णाइतके चांगले कोणी सांगणार नाही. धीर देणे तर आहेच. कुठली गोळी सुरू, बंद, कमी, जास्त करायची हे मात्र सांगू नये, विचारणाऱ्याने कितीही गळ घातली तरी.

ग्रुप चालवणाऱ्यांना एक विनंती. हा मजकूर सर्वांना दिसेल असा वरती लावून ठेवा : साखर उतरून घाम फुटला, हात थरथरले आणि रुग्ण शुद्धीवर असेल, तर लगेच साखर किंवा ग्लुकोज द्या. शुद्ध हरपली असेल, तर तोंडात काहीही घालू नका. ग्रुपवर विचारत न बसता ९९८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा.