एका गोळीतला डावा-उजवा

नांदगाव खंडेश्वर भागातून अमरावतीच्या एआरटी केंद्रात औषधाला जाणाऱ्या एचआयव्ही रुग्णांच्या रोजच्या गोळीत बहुधा लॅमिव्हुडिन असते. डीएनएची भिंत ज्या विटांनी बांधली जाते, त्यांच्याशी जवळचे नाते असलेले हे न्यूक्लिओसाइड म्हणजे एक बनावट वीट. विषाणू ती उचलून बसवतो आणि त्याचे बांधकाम तिथेच अडते. पुढची वीट जोडायला तिच्यात जागाच नसते.

पण ही वीट घडवायची कशी? साध्या रासायनिक क्रियेत तिचे डाव्या-उजव्या हातासारखे दोन प्रकार निम्मे-निम्मे तयार होतात. विषाणूला दोन्ही रोखतात, मात्र एक आपल्या पेशींना जास्त घातक. वजन सारखे, वितळणे सारखे, निवडायचे कसे? ग्लॅक्सोच्या शास्त्रज्ञांनी ई. कोलाय जिवाणूतले सायटिडिन डीअमायनेज हे एन्झाइम कामाला लावले. ते नको असलेलाच प्रकार बदलून टाकते, हवा तो तसाच राहतो. चाळणीला न जमणारी ही निवड! पुढे निव्वळ रसायनशास्त्रानेही ती साधली.

२००१ मध्ये मुंबईच्या सिप्लाने लॅमिव्हुडिनसह तीन औषधे वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केली. पाश्चात्त्य देशांत तेव्हा १० हजारांवर खर्च येई. आपल्या १९७०च्या कायद्यात औषधाच्या रेणूवर नव्हे, बनवण्याच्या पद्धतीवरच पेटंट मिळे, म्हणून हे शक्य झाले. एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांत उपचार मोफत सुरू झाले.

बरे वाटले की गोळी सोडणारे, अधूनमधून घेणारे आजही भेटतात. लॅमिव्हुडिनला दाद न देण्यासाठी विषाणूला स्वतःत एकच बदल पुरतो, आणि अर्धवट औषधात तो लवकर घडतो.