बरण्यांतला हिंदी महासागर

समित्यांची इतिवृत्तं वाचायचं मला जुनं व्यसन आहे. संशोधननौकांच्या कहाण्या सगळेच रंगवून सांगतात. पण नौका कुठे जाणार, खर्च कोण उचलणार, हाती लागलेल्या नमुन्यांवर हक्क कुणाचा, हे ज्या टेबलाभोवती ठरतं तिथलं राजकारण मला जास्त खेचतं.

आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेसाठी १९६० साली भारत सरकारने राष्ट्रीय सागरी संशोधन समिती नेमली. अध्यक्ष कोण, तर दाराशॉ वाडिया! नंगा पर्वतापाशी हिमालयाच्या रांगा कशा वळतात हे उलगडणारे भूवैज्ञानिक. समुद्राच्या समितीवर डोंगराचा माणूस नेमणं हे अगदी आपल्या सरकारी रीतीला धरूनच झालं. पुढे गाडा ओढला तो सागरी जीवशास्त्रज्ञ एन. के. पणिक्कर यांनी.

मोहिमेची कल्पना १९५७ मधली, अमेरिकेत वुड्स होलला शिजलेली. सर्वांत कमी ठाऊक असलेला महासागर म्हणून आपला निवडला गेला. सगळे खूश, हेन्री स्टोमेल मात्र नाही. सागरी प्रवाहांच्या या थोर अभ्यासकाने ‘इंडियन ओशन बबल’ नावाचं एक खट्याळ पत्रक सहकाऱ्यांत फिरवलं. काही मजकूर निनावी, सगळाच बोचरा. मोसमी वाऱ्याबरोबर वर्षातून दोनदा दिशा पालटणाऱ्या समुद्रात जहाजं विखरून काय कळणार, अशी ही शंका मला आजही रास्त वाटते. गंमत म्हणजे १९६४ च्या नैर्ऋत्य मोसमातल्या सोमाली खोऱ्यातील प्रवाहांवर जो महत्त्वाचा शोधनिबंध निघाला, त्याच्या लेखकांत स्टोमेल आहेतच.

मोहिमेत चाळीसेक जहाजं उतरली. आपल्याकडे त्या तोडीचं संशोधनजहाज नव्हतं, म्हणून नौदलाची दुसऱ्या महायुद्धातली ‘आयएनएस किस्तना’ कामाला लावली. मोजमापांचा तपशील इथे सोडतो.

मला अडकवलं ते प्लवकांनी, म्हणजे पाण्याबरोबर वाहत जाणाऱ्या बारीक जीवांनी. प्रत्येक देशाचं जाळं वेगळं, मग तुलना करायची कशी? शेवटी सगळ्यांसाठी एकच जाळं ठरलं : तोंडाचं क्षेत्रफळ एक चौरस मीटर, खेचायचं २०० मीटर खोलीवरून पृष्ठभागापर्यंत. आणि हे नमुने लंडनला किंवा वॉशिंग्टनला न जाता कोचीनला यायचे! युनेस्कोच्या मदतीने तिथे हिंदी महासागर जैविक केंद्र उभं राहिलं. फॉर्मॅलिनमधल्या बरण्या आल्या आणि तरुण भारतीय संशोधक सूक्ष्मदर्शकाखाली एकेक गट निवडू लागले : कोपेपॉड वेगळे, बाणकृमी वेगळे, माशांची पिल्लं वेगळी. तांदूळ निवडण्याइतकंच कंटाळवाणं काम, पण त्यातून माणसं घडली. निवडलेले गट जगभरच्या तज्ज्ञांकडे गेले, तरी संदर्भसंग्रह कोचीनलाच ठेवायचा होता. माझ्या मते त्या काळातली टेबलाभोवतीची सर्वांत मोठी जीत हीच. जहाजं मोजत बसणाऱ्यांना ती दिसत नाही.

मोहीम १९६५ मध्ये संपली. जमलेली माणसं पांगली असती, तर वाडियांची समिती आणखी एक फाइल होऊन राहिली असती. पण १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली, पणिक्कर पहिले संचालक झाले. मुख्यालय आधी दिल्लीत, म्हणजे समुद्रापासून हजारभर किलोमीटरवर! ते गोव्यात यायला पुढे काही वर्षं गेली. दोना पावलाच्या टेकडीवरची संस्था ती हीच, आणि कोचीनचं केंद्र तिची प्रादेशिक शाखा झालं.