पाठांतराला फाटा, तारांशी गट्टी!

मित्रांनो, पोहण्याचं पुस्तक तोंडपाठ करून कुणी उल्हास नदीत उडी मारली, तर काय होईल? गटांगळ्याच खाईल ना! काही परीक्षा अगदी तशाच असतात. तिथे 'व्याख्या लिहा', 'कारणे द्या' असलं काही नसतं. समोर यंत्र बंद पडलेलं असतं आणि घड्याळ मात्र चालू असतं! संगणकांचं जाळं, म्हणजे नेटवर्क जोडण्याची प्रात्यक्षिक परीक्षा ही त्यातलीच.

या परीक्षांमधली गाजलेली म्हणजे सिस्को कंपनीची 'सीसीआयई'. ती १९९३ साली सुरू झाली. आधी ती दोन दिवस चालायची. २००१ पासून एका दिवसात, ८ तासांची झाली. तिच्या क्रमांकांची एक गंमत ऐका. ते सुरू झाले १०२४ पासून, कारण १०२४ म्हणजे २ चा दहावा घात, संगणकवाल्यांचा लाडका आकडा. हा पहिला क्रमांक कुणाला मिळाला? चक्क परीक्षेच्या प्रयोगशाळेला! १०२५ पेपर काढणाऱ्या स्टुअर्ट बिग्ज यांना आणि १०२६ पहिल्यांदा उत्तीर्ण झालेल्या टेरी स्लॅटरी यांना.

आपण अर्थातच पहिल्या पायरीपासून सुरुवात करायची. सिस्कोचीच 'सीसीएनए' ही १२० मिनिटांची परीक्षा आहे. दहावीनंतर आयटीआयमध्ये 'कोपा' हा एक वर्षाचा ट्रेडही घेता येतो. त्यातही नेटवर्कची तोंडओळख होते.

आता तुम्ही उल्हासनगर, अंबरनाथ किंवा बदलापूरचे असाल, तर निम्मा अभ्यास तुमचा झालेलाच आहे, बरं का! फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांना लष्करी छावणीत जागा मिळाली आणि १९४९ साली तिचं उल्हासनगर झालं. तिथला पत्ता कसा असतो? आधी कॅम्प नंबर, मग बॅरॅक नंबर. संगणकाचा पत्ताही तसाच. १९२.१६८.३.२५ या पत्त्यात घरगुती जाळ्यात बहुधा पहिले तीन आकडे म्हणजे कॅम्प आणि शेवटचा म्हणजे बॅरॅक. कॅम्प चुकला, की निरोप भलतीकडेच!

आणि राउटर म्हणजे आपलं कल्याण जंक्शन. बदलापूरहून कसाऱ्याला जायचं तर कल्याणला उतरून गाडी बदलावी लागते. राउटरही येणाऱ्या प्रत्येक निरोपाला पुढची गाडी दाखवतो.

पण रूळच बंद पडले तर? २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान पुराच्या पाण्यात अडकली. हजारावर प्रवाशांची सुटका करावी लागली. कर्जतची वाट बंद असली, तरी कल्याणहून मनमाड-दौंड असा लांबचा वळसा घालून कोल्हापूरकडे जाता येतं. चांगल्या जाळ्यातही अशी दुसरी वाट आधीच ठेवलेली असते आणि पहिली तुटली, की राउटर आपणहून ती धरतो. प्रात्यक्षिकात परीक्षक मुद्दाम एखादी वाट बिघडवून ठेवतात. ती शोधायची ती तुम्ही!

मग तयारी कशी करायची?

पहिलं काम तारेचं. नेटवर्कच्या केबलमध्ये आठ बारीक तारा असतात. नेहमीचा क्रम असा: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. डोळ्यांपेक्षा बोटांना हा क्रम पाठ व्हायला हवा. अशी केबल १०० मीटरपेक्षा लांब टाकत नाहीत.

दुसरं काम बिघाड शोधण्याचं. 'पिंग' ही आज्ञा म्हणजे "ए, आहेस का?" अशी हाक. आधी १२७.०.०.१ ला, म्हणजे स्वतःलाच हाक मारा. मग आपल्या पत्त्याला, मग राउटरला आणि शेवटी बाहेरच्या संगणकाला. जिथे उत्तर येणं थांबलं, तिथून शोध सुरू करायचा. घाईघाईने सगळ्या तारा उपसायच्या नाहीत!

तिसरं, महागडी यंत्रं नाहीत म्हणून अडून बसू नका. 'पॅकेट ट्रेसर' या मोफत प्रोग्रॅमवर पडद्यावरच राउटर जोडता येतात. रोज एक जाळं बांधा. मग मित्राला सांगा, "माझ्या नकळत एक चूक घालून ठेव." घड्याळ लावा आणि ती शोधा. काय चुकलं होतं, ते वहीत टिपा. ही वही कुठल्याही गाइडपेक्षा मोलाची!

बाजारात तयार उत्तरांचे कागदही विकले जातात. त्यांच्या वाटेला जाऊ नका. आईबाबांनी काटकसर करून भरलेली फी त्यात वाया जाते. शिवाय प्रमाणपत्र मिळालंच, तरी उद्या एखाद्या दवाखान्यातलं जाळं बंद पडेल, रुग्णांचे रिपोर्ट अडकतील आणि सगळे तुमच्या तोंडाकडे बघतील. तेव्हा खिशातला कागद नाही, सवयीचा हातच कामाला येतो.

मग, आज पहिली हाक कुणाला मारताय? १२७.०.०.१ पासून सुरुवात करा. म्हणजे स्वतःपासूनच!