योनाचे अपुरे आज्ञापालन

बायबलच्या जुन्या करारात, म्हणजे यहुदी आणि ख्रिस्ती या दोन्ही धर्मांना पवित्र असलेल्या ग्रंथभागात, यज्ञाहून मोठे काय या प्रश्नाची दोन उत्तरे सापडतात. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या 15व्या अध्यायात शौल राजा युद्धात हाती लागलेली उत्तम गुरे-मेंढरे यज्ञासाठी राखल्याची सबब सांगतो, तेव्हा शमुवेल त्याला खडसावून आज्ञापालनाला यज्ञापेक्षा श्रेष्ठ ठरवतो. इसवी सनपूर्व आठव्या शतकातील होशेय मात्र तेच स्थान दयेला देतो. शमुवेल आणि होशेय हे दोघेही संदेष्टे, म्हणजे देवाचा निरोप लोकांपर्यंत पोहोचवणारे पुरुष होते. मग आज्ञापालन आणि दया यांचा परस्परसंबंध काय, याचा मार्मिक विचार योनाच्या अवघ्या चार अध्यायांच्या पुस्तकात आढळतो.

निनवे नगरीत जाऊन तेथील दुष्टपणाबद्दल इशारा दे, अशी देवाची आज्ञा योना या संदेष्ट्याला होते आणि तो नेमक्या उलट्या दिशेने, याफो बंदरातून तार्शीशला निघालेल्या गलबतात बसतो. निनवे हे आजच्या इराकमधील मोसुलजवळ, तैग्रीस नदीकाठी वसलेले अश्शूरी साम्राज्याचे शहर होते, आणि याच साम्राज्याने इसवी सनपूर्व 722च्या सुमारास इस्राएलचे उत्तरेकडील राज्य बुडवले होते. बहुतेक अभ्यासक हे पुस्तक त्यानंतरच्या काळातले मानतात. त्यामुळे मूळ वाचकांना निनवे म्हणजे वैऱ्याची राजधानी, हे वेगळे सांगावे लागत नव्हते.

या कथेतील मासा सर्वांना ठाऊक असतो, पण बारकाईने वाचणाऱ्याचे लक्ष खलाशांकडे जाते. वादळ आपल्यामुळे उठले असून आपल्याला समुद्रात टाकावे, असे योना स्वतः सांगत असतानाही परक्या दैवतांना भजणारे ते खलाशी आधी जिवाच्या आकांताने वल्ही मारून किनारा गाठू पाहतात, म्हणजे संदेष्ट्याने निनवेकरांना नाकारलेली दया खुद्द संदेष्ट्याला परकीयांकडून मिळते. शेवटी समुद्रात टाकलेल्या योनाला तो मासा गिळतो आणि किनाऱ्यावर ओकतो; पुढे योना निनवेत जाऊन 40 दिवसांत नगराचा नाश होईल असे पुकारतो. राजापासून गुराढोरांपर्यंत सर्वांना पश्चात्तापाची खूण म्हणून गोणताट, म्हणजे जाडेभरडे वस्त्र, पांघरवले जाते आणि नगर वाचते.

आज्ञा पाळली गेली, कामही फत्ते झाले. तरी चौथ्या अध्यायात योना संतापतो आणि देव कृपाळू आहे हे माहीत असल्यामुळेच आपण पळालो, अशी कबुली देतो. त्याच्यावर सावली धरणारा वेल एका रात्रीत वाढतो, दुसऱ्या पहाटे किडा लागून सुकतो, आणि ज्याच्यासाठी काडीचेही कष्ट घेतले नाहीत त्या वेलासाठी योना हळहळतो. तेव्हा देव त्याला विचारतो की उजव्या-डाव्या हाताचा भेदही न कळणाऱ्या 1,20,000हून अधिक माणसांची आणि पुष्कळ गुरांची कीव आपण का करू नये. योनाचे उत्तर पुस्तकात नोंदलेले नाही, म्हणून ते वाचणाऱ्याला द्यावे लागते.

असे वाचन शिकवणारी एक पद्धत बाराव्या शतकातील मठवासी दुसरा गुइगो याने मांडली; वाचन, मनन, प्रार्थना आणि चिंतन या तिच्या चार पायऱ्या असून मननात वाचक प्रसंगातील प्रत्येक पात्राच्या जागी स्वतःला ठेवून पाहू शकतो. मत्तयकृत शुभवर्तमानातही येशू, जकातदारांच्या पंक्तीला बसल्याबद्दल नाक मुरडणाऱ्या परूशांना यज्ञापेक्षा दयेला वर ठेवणाऱ्या होशेयाच्या त्याच वचनाचा अर्थ शिकून येण्यास सांगतो, आणि 12व्या अध्यायात ते वचन पुन्हा पुढे करतो. परूशी हे नियमशास्त्र काटेकोरपणे पाळणारे पंथीय असल्याने वचन त्यांना पाठ असणारच. उणीव होती ती ज्यांना आपण अपात्र ठरवले त्यांच्यावर ते लागू करण्याची. म्हणूनच शास्त्राभ्यासात आज्ञा पाळली की नाही याबरोबरच तिचा लाभ नावडत्या माणसाला झाला तर चालेल का, हाही प्रश्न विचारावा लागतो. कारण योना अडखळतो तो तिथेच.