पत्त्यांच्या जोड्यांवरील पहारा

स्थानिक जाळ्यातील प्रत्येक संगणकास दोन पत्ते असतात : जाळ्याकडून मिळालेला ३२ बिटांचा आयपी पत्ता (चौथ्या आवृत्तीतील), आणि इथरनेट कार्डास कारखान्यातच दिलेला ४८ बिटांचा यांत्रिक पत्ता. या दोहोंची सांगड घालणारी एआरपी ही रीत डेव्हिड प्लमर यांनी १९८२ साली मांडली. ‘अमुक आयपी पत्ता कोणाचा ?’ असा पुकारा जाळ्यात होतो, आणि जो उत्तर देईल त्याचे म्हणणे खरे मानले जाते. उत्तर देणाऱ्याची ओळख पटविण्याची तरतूद तीत मुळीच नाही. साहजिकच एखाद्या संगणकाने गेटवेचा आयपी पत्ता आपलाच म्हणून सांगितल्यास शेजाऱ्यांची बाहेर जाणारी रहदारी त्याच्या हातून वाहू लागते.

अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत तयार झालेला ‘आर्पवॉच’ हा प्रोग्राम यावर पहारा ठेवतो. पुकारा करणारा संगणक स्वतःचे दोन्ही पत्ते त्यातच सांगत असल्यामुळे जोड्यांची नोंदवही आपोआप भरत जाते. जोडी बदलली, की व्यवस्थापकास ई-मेल जाते. बदलामागील हेतू मात्र त्यास उमगत नाही. बिघडलेले कार्ड बदलले तरी तीच हाकाटी ! शिवाय अँड्रॉइड १० (२०१९) व आयओएस १४ (२०२०) यांपासून फोन वाय-फायवर यादृच्छिक यांत्रिक पत्ते वापरू लागले. त्यामुळे वही निष्कारण फुगते.

याहून मोठी उणीव स्विचमुळे उद्भवते. पुकारा सर्वत्र पोचतो. परंतु खोटे उत्तर एकट्या सावजास उद्देशून धाडलेले असेल, तर स्विच ते केवळ त्याच्याच तारेवर सोडतो, आणि पहारेकऱ्याच्या कानी ते पडतच नाही. म्हणून ज्या पोर्टावर इतर पोर्टांच्या रहदारीची नक्कल उतरते, तेथेच त्यास बसविणे इष्ट होय.