जहाजाला नको असलेला पाऊस

सेवाग्रामहून मुंबईचा समुद्र रेल्वेने साडेसातशे किलोमीटरच्या घरात. तरीही आषाढात बापूकुटीच्या कौलांवर सर कोसळते, तेव्हा ती टिपणाऱ्या नागपूरच्या डॉप्लर रडारची लहर जहाजावरच्या एका रडारइतकीच लांब असते: साधारण १० सेंटिमीटर. गंमत म्हणजे जहाजावर ही लहर वापरतात ती पाऊस दिसू नये म्हणून!

जहाजांवर रडार दोन जातींची. एक्स बँड ९.४ गिगाहर्ट्झच्या आसपास, लहर ३ सेंटिमीटरची. एस बँड ३ गिगाहर्ट्झचा, लहर १० सेंटिमीटरची. पावसाचा थेंब जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा. एवढ्याशा थेंबावरून लहर किती परतणार, हे तिच्या लांबीच्या चौथ्या घातावर ठरतं. लहर तिपटीहून थोडी लांब झाली, की बाकी सगळं तेच असताना पावसाचा प्रतिध्वनी जवळजवळ शंभरपट क्षीण होतो. जुलैत कोकण किनाऱ्यावर एक्स बँडचा पडदा सरींनी भरून जातो, त्यात एखादी होडी हरवते. एस बँडवर ती सापडण्याची आशा बरीच जास्त.

मग सगळेच एस बँड का लावत नाहीत? लहर लांब, तितका झोत रुंद. एक्स बँडला १.८ मीटरच्या अँटेनावर सव्वा अंशाचा झोत मिळतो; एस बँडला ३.६ मीटरची लावूनही दोन अंशांच्या आसपास. दोन अंश म्हणजे १० किलोमीटरवर साडेतीनशे मीटर! तेवढ्यात शेजारून चाललेल्या दोन होड्यांचा एकच ठिपका होतो. शिवाय छोट्या बोटीवर बारा फुटी दांडा फिरवायचा कुठे?

आणखी एक. जीवरक्षक तराफ्यावरचा रडार ट्रान्सपाँडर एक्स बँडलाच उत्तर देतो: पडद्यावर १२ ठिपक्यांची रांग उमटते. एस बँडला ती दिसतच नाही. म्हणून आंतरराष्ट्रीय नियमांनी ३०० टनांपासूनच्या जहाजांना एक्स बँड सक्तीचा केला. ३,००० टनांपासून दुसरं रडार लागतं, ते बहुधा एस बँडचं.

मग पाऊसच बघायचा असताना नागपूरला एस बँड कशाला? कारण आखूड लहर जवळच्या मुसळधारेतच खर्ची पडते, मागचं काही कळत नाही. लांब लहर वर्ध्यावरची सर ओलांडून यवतमाळकडचा ढगही गाठते. प्रतिध्वनी क्षीण खरा, पण तो ऐकायला काही मीटर रुंदीची तबकडी आहे आणि शेकडो किलोवॉटचा स्पंद आहे. जहाजावर हाच स्पंद पंचवीस-तीस किलोवॉटचा असतो.